छोटं गाव मिळालं म्हणून असिस्टंटशिप सोडू नका

फ्रान्सच्या असिस्टंटशिपचे निकाल लागले की मला दरवर्षी ज्युनियर्सचे मेसेज येतात, ताई मला कुठलंतरी गावच मिळालंय, नकाशात झूम करून शोधावं लागलं, घेऊ का सोडू? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहिते. सोडू नका. मी २०२२-२३ च्या बॅचला होते, मला ल पुई-आं-व्हले मिळालं होतं आणि आज परत फॉर्म भरायचा झाला तर मी तेच गाव मागेन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रेंच सरकारचा हा भाषा सहाय्यकांचा कार्यक्रम शंभर वर्षांहून जुना आहे, वेगवेगळ्या देशांतली मुलंमुली तिथल्या सरकारी शाळांमध्ये जाऊन आपली भाषा बोलायला शिकवतात, आणि भारतातून आपण फ्रेंच शिकणारे जातो ते इंग्रजीचे असिस्टंट म्हणून. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल कॉन्ट्रॅक्ट, आठवड्याला १२ तास वर्गात, महिन्याला हातात साधारण ८०० युरो. यात पॅरिसमध्ये भाडं भरून जगणं फार ओढाताणीचं होतं, छोट्या गावात मात्र नीट भागतं आणि थोडे उरतातही, हे पहिलं कारण. पण पैशाचं कारण मला सगळ्यात लहान वाटतं.

मी मूळची फलटणची, फ्रेंच शिकले पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला. फॉर्ममध्ये मी ल्योन विभाग पहिला टाकला होता आणि नेमणूक आली क्लेरमाँ-फेराँ विभागातून, ओत-ल्वार जिल्ह्यातल्या एका लिसेत. लिसे म्हणजे आपल्या दहावी ते बारावीच्या वयाची मुलं. ल पुई हे त्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्या कलेक्टर कचेरीसारखी प्रेफेक्त्यूर वगैरे सगळं गावातच, चालत जाता येईल इतक्यावर. मोठ्या शहरात गेलेल्या माझ्या मैत्रिणी एकेका ऑफिसच्या ऑनलाइन अपॉइंटमेंटसाठी रात्री जागत होत्या तेव्हा मी वर्गाच्या दोन तासांच्या मधल्या वेळात जाऊन काम करून येत होते.

कागदपत्रांबद्दल खूप जण विचारतात म्हणून एकच गोष्ट नीट सांगते, बाकी सगळं सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. जन्मदाखला. आपल्याकडच्या नगरपालिकेच्या जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, तारीख असते, आईवडिलांची नावं असतात, मुलगी असं लिहिलेलं असतं आणि नावाची जागा कोरी. माझाही तसाच होता. आपल्याकडे शाळेचा दाखला दाखवून सगळं चालून जातं, पण तिकडे सोशल सिक्युरिटीचा नंबर काढताना आईवडिलांच्या नावांसकट पूर्ण जन्मदाखला लागतो आणि तो कोरा चालत नाही. तेव्हा निकाल लागायची वाट न बघता आधी नगरपालिकेत जाऊन नाव चढवून घ्या, मराठी-इंग्रजी असा नवीन दाखला काढा, त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी साक्षांकन, करून घ्या आणि फ्रेंच भाषांतर तिकडे गेल्यावर कोर्टाच्या यादीवरच्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्या. यात एक-दीड महिना सहज जातो, आणि व्हिसाच्या गडबडीत तो मिळत नाही.

दुसरं नावाचंच. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव असतं, त्यांना ते आपलं दुसरं नाव वाटतं, काही कागदांवर ते येतं काहींवर गळतं. मी पहिल्या दिवशीच ठरवलं की सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच्या तसं पूर्ण नाव द्यायचं, बँक, शाळा, विमा, सगळीकडे, आणि घराच्या टपालपेटीवरही तेच चिकटवायचं. टपालपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि तिथे अजूनही कितीतरी महत्त्वाच्या गोष्टी पत्रानेच येतात, बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात वगैरे.

पहिल्या दिवशी शाळेत प्रोसे-व्हेर्बाल नावाचा एक कागद सहीला येतो, की बाई हजर झाल्या. साधा एका पानाचा कागद पण त्याच्यावरच पगार चालू होतो, त्याच्या चार-पाच झेरॉक्स करून ठेवा. मग बँक. बँक म्हणते राहायचा पुरावा आणा, घरमालक म्हणतो बँकेचा रिब, म्हणजे खात्याच्या तपशिलाचा कागद, आणा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात. मला एका बँकेने नुसतं हॉटेलचं बुकिंग बघून परत पाठवलं. यातून सुटका झाली ती शाळेच्या ऑफिसमुळे, कारण छोट्या गावांतल्या बऱ्याच लिसेंना होस्टेल असतं, लांबच्या खेड्यातली मुलं सोमवार ते शुक्रवार तिथे राहतात, आणि त्याच इमारतीत एखादी खोली असिस्टंटला देतात. मला पहिले काही आठवडे ती खोली मिळाली, ऑफिसमधल्या बाईंनी ही व्यक्ती आमच्याकडे राहते असं शिक्क्याचं पत्र लगेच टाइप करून दिलं, त्या पत्रावर दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि खातं उघडल्यावर गावात शेअरिंगमध्ये घर मिळालं. जामीनदार म्हणून फ्रान्समधला पगारदार माणूस लागतो, तो आपण कुठून आणणार, पण व्हिझाल नावाची सरकारमान्य हमी ऑनलाइन फुकट मिळते, तिशीच्या आतल्यांना सहज मिळते, घर बघायला जायच्या आधीच तिचा अर्ज करून ठेवा. भाड्यासाठी काफ नावाच्या सरकारी भत्ते देणाऱ्या संस्थेकडून मदतही मिळते, पण ती राहायला गेलात त्याच्या पुढच्या महिन्यापासून मोजतात, म्हणून महिन्याच्या एक तारखेला जाण्यापेक्षा आधीच्या महिन्याच्या अखेरीस करार झाला तर फायदा. व्हिसा तिथे पोचल्यापासून ३ महिन्यांत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा असतो, तो पहिल्याच आठवड्यात करून टाका कारण काफला तेही लागतं. आणि पगार पहिल्या महिनाअखेरीला पूर्ण हातात येईलच असं धरून जाऊ नका, दीड-दोन हजार युरो जवळ असले की झोप नीट लागते.

आता खरं सांगायचं ते.

कागद सगळे होतात. जरा मागेपुढे पण होतात. त्यांच्यामुळे कोणी परत आलेलं मी बघितलं नाही. परत यावंसं वाटतं ते संध्याकाळी सहा वाजता, दुकानं बंद व्हायला लागतात, रस्त्यावर कोणी नसतं, रविवारी तर अख्खं गाव सामसूम, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे नेली की घरचं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तास होतं, म्हणजे मी शाळेतून येऊन चहा टाकेपर्यंत फलटणला जेवणं होऊन गाद्या पडायची वेळ. या एकटेपणावर सगळे एकच उपाय करतात, दर सुट्टीला बॅग भरून पॅरिस, बार्सिलोना, रोम. मी कुणाला फिरू नका म्हणत नाही, मीही नंतर फिरले. पण पहिली सुट्टी, तूसाँची म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या संतांच्या सणाची, ती गावातच काढा असं मी हट्टाने सांगते.

माझ्या वर्षी ती सुट्टी २२ ऑक्टोबरला लागली आणि २४ ला लक्ष्मीपूजन होतं. बाकीचे असिस्टंट सगळे फिरायला गेलेले. मी शनिवारच्या बाजारात गेले, प्लास द्यु प्लो नावाचा चौक आहे तिथे बाजार भरतो, शेतकरी स्वतः चीज, कोंबड्या, भाज्या, मध घेऊन बसतात. मला शंकरपाळ्यांचं सामान हवं होतं, मैदा लोणी साखर दूध, सगळं तिथे उत्तम मिळतं, त्या लोण्याचं तूप कढवलं तर घर दरवळतं. लोणी देणाऱ्या आजींनी विचारलं एवढं लोणी कशाला, मी आमचा सण आहे म्हणून सांगितलं, तर त्यांनी कुठला सण, काय करता, दिवे कसले, तेल कुठलं, मागे रांग थांबलेली असताना सगळं विचारून घेतलं, आणि रांगेतलं कुणी चिडलं नाही, उलट दोघंजण ऐकत उभे राहिले. पुढच्या शनिवारी मी त्यांना शंकरपाळे नेऊन दिले. त्यानंतर एप्रिलपर्यंत त्या बाजारात मला नावाने हाक यायची. पॅरिसला गेले असते तर आयफेल टॉवर दिसला असता, तो काय नंतरही दिसला.

ल पुईची मसूर सगळ्या फ्रान्समध्ये प्रसिद्ध आहे, हिरवट, बारीक, तिला स्वतःचं संरक्षित नाव आहे, त्या भागातल्या ज्वालामुखीच्या जमिनीत होते. ती कितीही शिजवली तरी मोडत नाही, दाणा अख्खा राहतो, म्हणून आमटीला ती उपयोगाची नाही, आमटीसाठी केशरी सोललेली मसूर घ्यायची. पण उसळ! कांदा, लसूण, घरून नेलेला गोडा मसाला, दोन आमसुलं, अशी उसळ मी पुण्यातसुद्धा खाल्ली नव्हती. तिथले लोक ती डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, मी घरातल्या दोघी फ्रेंच मुलींना माझ्या पद्धतीची घातली तर दर आठवड्याला फर्माईश व्हायला लागली. पोळ्यांसाठी पिठाच्या पिशवीवरचा नंबर बघायचा, ४५ आणि ५५ म्हणजे मैदा, १५० म्हणजे कोंड्यासकट, मला ८० नंबरच्या पोळ्या सगळ्यात मऊ झाल्या. घरचं खाणं जमलं की माणूस निम्मा स्थिरावतो, नेण्याच्या बॅगेत जीन्स कमी आणि मसाले जास्त घ्या.

आणि उरलेला निम्मा शाळेच्या कँटीनमध्ये. पहिले काही दिवस मला वाटायचं डबा आणावा, खोलीत जाऊन खावं, पैसेही वाचतील. पण ज्या बाई माझ्या मार्गदर्शक होत्या त्यांनी ऑफिसमध्ये नेऊन माझं जेवणाचं कार्डच काढून दिलं आणि म्हणाल्या शिक्षकांच्या टेबलावर बसायचं, रोज. तिथे जेवण म्हणजे आधी सॅलड, मग गरम पदार्थ, मग चीज, मग फळ किंवा गोड, आणि या सगळ्यात जवळजवळ तासभर अखंड गप्पा. माझं फ्रेंच बी२ पातळीचं, म्हणजे बऱ्यापैकी वरचं होतं, परीक्षेत मार्क चांगले, पण आठ जण एकाच वेळी बोलायला लागले, निम्मे शब्द गिळून, मधेच हसून, तेव्हा काही म्हणता काही कळायचं नाही. मी तरी रोज बसले. इतिहासाचे एक सर होते ते मुद्दाम माझ्याकडे वळून विषय काय चाललाय ते दोन वाक्यांत सांगायचे. नोव्हेंबरच्या शेवटी कधीतरी मला जाणवलं की मी हसतेय ते कळून हसतेय. जानेवारी ते मार्च पेन्शनच्या वयावरून, ६२ चं ६४ करण्यावरून, देशभर संप चालू होते, तेव्हा त्या टेबलावरचे वादविवाद ऐकून मला जे फ्रेंच आलं आणि जे फ्रान्स कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. टेबलावर बसा, समजत नसलं तरी बसा. आणि शिक्षकांच्या खोलीत शिरताना, दुकानात, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, सगळ्यांना आधी बोंझूर म्हणा, ते न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरचा माणूस मिटतो, आणि म्हटलं की तोच माणूस झेरॉक्स मशीनचा कोड सांगायला तुमच्याबरोबर खाली येतो.

वर्गाबद्दल. असिस्टंटला मार्क द्यायचे नसतात, मुलांना बोलतं करणं एवढंच काम, बहुतेक वेळा दहा-बारा मुलांचा गट वेगळ्या खोलीत घ्यायचा. आणि फ्रेंच मुलं इंग्रजी बोलायला फार लाजतात. चूक होईल या भीतीने गप्प बसतात, आपल्याकडे पहिल्या वर्षाला मराठी मीडियमची मुलं गप्प बसतात ना, अगदी तसंच. हे मला ओळखू आलं कारण मी स्वतः मराठी मीडियमची आहे, आणि म्हणून मला वाटतं आपण या कामाला इंग्लंड-अमेरिकेतल्या असिस्टंटपेक्षा कुठेही कमी नाही. आपण इंग्रजी शिकलोय, ते जन्माने घेऊन आलेलो नाही, कुठे अडतं ते आपल्याला माहितीये. अॅक्सेंटची काळजी सगळ्यांना असते, मलाही होती. एका मुलाने विचारलंच की तुमचं इंग्रजी सिरीजमधल्यासारखं का नाही. मी त्याला सांगितलं की इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्या जगातले किती लोक सिरीजमधल्यासारखं बोलतात ते आपण मोजू, आणि त्यावर तास झाला. त्यांच्या इंग्रजीच्या ऐकण्याच्या चाचण्यांना निरनिराळ्या देशांचे उच्चार येतात, त्यामुळे आपला उच्चार कानावर पडणं त्यांच्या फायद्याचंच असतं.

माझा सगळ्यात चाललेला तास नोटांचा. मी जाताना दहा-दहाच्या कोऱ्या नोटा नेल्या होत्या. प्रत्येक जोडीला एक नोट द्यायची आणि काही न सांगता विचारायचं, यावर किती भाषा आहेत, शोधा. मागच्या बाजूला पट्टीत १५ भाषा, शिवाय हिंदी आणि इंग्रजी ठळक, म्हणजे १७. आधी मुलं म्हणायची ही सगळी एकच लिपी आहे, मग बोट ठेवून बघायला लागायची, ही गोल गोल वेगळी, ही वर रेघ असलेली वेगळी, ही उजवीकडून लिहितात, आणि बघता बघता इंग्रजीत वाद. मी मराठीची ओळ दाखवायचे, ही माझी. मग प्रश्न सुटायचे, मग तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या माणसाशी कुठल्या भाषेत बोलता, शाळा कुठल्या भाषेत, तुमच्या आजीला इंग्रजी येतं का, स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात. जी मुलगी सहा आठवडे एक शब्द बोलली नव्हती तिने सांगितलं की तिचे आजोबा घरी ओव्हेर्न्याची बोली बोलायचे, शाळेत त्यांना त्यासाठी शिक्षा व्हायची, आणि तिला स्वतःला ती येत नाही. हे सगळं तिने इंग्रजीत सांगितलं, अडखळत, काळ चुकवत, आणि वर्ग अगदी शांत बसून ऐकत होता. त्या दिवशी मला कळलं की माझं काम इथे नेमकं काय आहे. नोटा न्या, हलक्या असतात, आणि गांधीजींचा फोटो असल्यामुळे पुढचा तासही तयार होतो.

हिवाळा कठीण जातो हे लपवत नाही. गाव साधारण ६३० मीटर उंचीवर आहे, डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि पहिला तास आठचा, म्हणजे अंधारात शाळेत जायचं. त्या वर्षी ऊर्जेच्या टंचाईमुळे शाळांमध्ये हीटिंग १९ अंशांवरच ठेवलेलं, मी वर्गातही कोट काढत नसे. बूट आणि आतले गरम कपडे तिथेच घ्या, आपल्याकडचे तिथे पुरत नाहीत. पण त्याच काळ्या दगडाच्या गावात मला कधी फार परकं वाटलं नाही, तिथली घरं, कॅथेड्रल, चर्चच्या पायऱ्या, सगळं ज्वालामुखीच्या दगडाचं, आणि आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच, पावसात भिजलेली ती काळी भिंत मला फार ओळखीची वाटायची. आणि ल पुईहून सांतियागोची पदयात्रा निघते, स्पेनपर्यंत सुमारे १५०० किलोमीटर, सकाळी ७ ची प्रार्थना झाली की पाठीवर पिशव्या घेऊन लोक कॅथेड्रलच्या पायऱ्या उतरून चालायला लागतात. आमच्या फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला असते, चालणाऱ्या माणसांना पाणी देणं मला लहानपणापासून माहीत. एप्रिलमध्ये यात्रेकरू वाढले तशी मी सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे जाऊन उभी राहायचे, कुणाशी तरी बोलणं व्हायचं, एकदा एका जर्मन आजोबांबरोबर गावाच्या वेशीपर्यंत चालत गेले आणि त्यांना पूर्ण रस्ताभर वारीच सांगत होते.

फिरायचं म्हणाल तर सँतेतिएनला रेल्वे जाते, तिथून ल्योन, सत्तावीसपर्यंतच्यांना वर्षाचं सवलतीचं कार्ड मिळतं ते पहिल्या प्रवासाआधी काढा. क्लेरमाँ-फेराँ, बाकीचे असिस्टंट, सगळं शनिवार-रविवारी होतं. फेब्रुवारीच्या सुट्टीपर्यंत गावात तुमची माणसं झालेली असतात, मग कुठेही जा, परत यायला घर असतं.

शेवटी निघतानाचं, कारण हे कुणी सांगत नाही. बँकेचं खातं ३० एप्रिलला बंद करू नका, शेवटचा पगार, काफचे पैसे, घराची अनामत हे नंतर येतं, घरमालकाला अनामत परत करायला कायद्याने एक ते दोन महिने असतात. घर सोडायची नोटीस पत्राने द्यायची, फर्निचरसकट घर असेल तर एक महिना आधी. शाळेकडून काम केल्याचं प्रमाणपत्र आणि पगाराच्या सगळ्या पावत्या घेऊन या, पुढे मास्टर्सला किंवा नोकरीला अर्ज करताना ती लागतात. आणि कमाईचं वर्षाचं डिक्लरेशन तिथे एप्रिल-जूनमध्ये भरायचं असतं, टॅक्स शून्य येणार असला तरी भरायचं. पहिल्यांदा भरणाऱ्यांना बहुतेक वेळा कागदी फॉर्म लागतो, तो निघायच्या आधी गावातल्याच कर कार्यालयातून घ्या आणि तिथल्याच माणसाला विचारून भरा, छोट्या गावात त्याला तुमच्यासाठी वेळ असतो.